पंचाशिवायचा कॅरम

कॅरमला पंच लागतो हे मला अंधेरीच्या एका ऑफिसात कळलं, तेही फार उशिरा. आमच्या दिंडोशीच्या कॉलनीत पंच नव्हता. बाबा गिरणीच्या टीममधून कॅरम खेळलेले. गिरणी बंद पडल्यावर ते बिल्डिंगच्या जिन्याखाली बोर्ड टाकून बसायचे आणि आम्हा मुलींनाही खेळायला बसवायचे. सोंगटी पडली की नाही, हात लागला की नाही, यावर समोरासमोरच्या दोघांनी एकमत करायचं, नाहीतर तो शॉट रद्द. जोडीने खेळताना आणखी एक शिस्त होती. राणी घेतली की ‘आम्ही घेतली’ म्हणायचं. ‘मी घेतली’ म्हणणाऱ्याला बाबा पुढच्या डावाला जोडीदारच देत नसत. “पंच कित्याक होयो?” ते म्हणायचे. “आपल्या हातान काय केला ता आपणाक म्हायत असता.” हे ऐकत मी मोठी झाले आणि सगळी दुनिया अशीच खेळते असं समजून बसले.

ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. खाली प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना आणि वर आमच्या तीन खोल्या. एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीला, कारण मशीन तापलेलं चालायचं नाही, माणूस तापलेला चालायचा. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मी तिथे ऑपरेटर होते. प्रोग्रामर लोक चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहायचे आणि आम्ही तो मशीनवर टाइप करायचो. दोन वर्षं टाइप करता करता मला कळायला लागलं की आपण काय टाइप करतोय. मग चूक कुठे आहे तेही कळायला लागलं. एकदा एका सिनियरला म्हटलं, “सर, हे थांबणारच नाही, गोल गोल फिरत राहील.” तो म्हणाला, “तू टाइप कर.” टाइप केलं. दुपारभर ते मशीन फिरत राहिलं आणि मी डब्याच्या खोलीत जाऊन पोट दुखेपर्यंत हसले.

सत्त्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. परदेशातली एक कंपनी घरगुती कॉम्प्युटरवरचे खेळ विकायची. त्यांना असा खेळ हवा होता की दोन कॉम्प्युटर वायरने जोडायचे आणि दोन माणसांनी आपापल्या पडद्यासमोर बसून एकमेकांशी खेळायचं. आमच्या साहेबांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, करून दाखवतो. खेळ कुठला? तर कॅरम, आपला देशी. काम दिलं मुलुंडच्या एका इंजिनियरला. तो माझ्याच वयाचा, हुशार, बोलायला गोड. फक्त त्याने जन्मात कॅरमला बोट लावलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “ए, कव्हर म्हणजे काय गं नक्की? घालायचं कशावर?”

मी त्याला कव्हर समजावलं, फाउल समजावला, रिबाउंड समजावला. मग समजावता समजावता कागद मीच पुढे ओढला. तो माझ्यावर जळला नाही, हे खरं तेच सांगते. उलट मला जे येत नव्हतं ते त्याने शिकवलं. वायरीतून आलेलं अक्षर मशीन कसं झेलतं, ते झेलायच्या आत दुसरं आलं तर काय होतं, हे सगळं मला त्याच्याकडूनच कळलं. वायरही आम्ही दोघांनी मिळून बनवली. इकडची दोन नंबरची पिन तिकडच्या तीनला, तिकडची दोन इकडच्या तीनला. सोल्डरिंगचा डाग देताना त्याचं बोट भाजलं तर मी बेसिनवरची टूथपेस्ट लावली. महिनाभर आम्ही एका डब्यातून जेवलो. त्याच्या आईची वालाची उसळ झकास असायची.

मग एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “तूपण त्याच्याबरोबर करतेयस असं ऐकलं. चांगलं आहे. त्या कंपनीचा माणूस बघायला येतोय, त्या पाहुण्यासमोर हे नीट चाललं तर तुला प्रोग्रामर करतो. नाही चाललं तर मार्चला तुझं कंत्राट संपतंय, पुढे जमणार नाही.” मी होय सर म्हटलं. प्रोग्रामर! डिग्री नाही, इंग्रजी शाळा नाही, टायपिंगच्या क्लासमधून आलेली मुलगी. मला दुसरं काहीच नको होतं. देवाला नवस बोलायचा बाकी होता, तो संध्याकाळी बोलले.

खेळ कसा करायचा यावर आमचं पहिल्यापासून एकमत होतं. म्हणजे मी म्हटलं आणि त्याने मान डोलावली. दोन्ही मशीनं बरोबरीची. कुणी मोठं नाही, कुणी धाकटं नाही. वायर हळू चालायची, सगळ्या सोंगट्यांचा प्रवास तिच्यातून पाठवत बसलो असतो तर एका शॉटला चहा पिऊन झाला असता. म्हणून वायरीतून तीनच आकडे पाठवायचे: स्ट्रायकर कुठे ठेवला, कुठल्या दिशेला मारला, किती जोरात मारला. पुढे कुठली सोंगटी कुठे आदळली आणि कुठे थांबली, ते दोन्ही मशीनांनी आपापलं मोजायचं. शॉट संपला की दोघांनी एकमेकांना विचारायचं, तुझ्याकडे काय झालं? जुळलं तर पुढे.

आणि जुळेना. पहिले पाच-सहा शॉट बरोबर यायचे, मग त्याच्या पडद्यावर राणी पडलेली आणि माझ्या पडद्यावर होलाच्या तोंडाशी अडलेली. रोज तेच. तो म्हणायचा वायर खराब. वायर बदलली. तो म्हणायचा माझी टायपिंगची चूक. मी म्हटलं, “तुझ्या डोंबलाची टायपिंगची चूक! दोन्हीकडे एकच फ्लॉपी घातलीये.” शेवटी मी एक काम केलं. प्रत्येक शॉटनंतर प्रत्येक सोंगटीची जागा दोन्ही मशीनांवरून छापून काढली. दोन हात लांब कागदाच्या पट्ट्या जमिनीवर शेजारी शेजारी अंथरल्या आणि गुडघ्यावर बसून आकड्याला आकडा लावत गेले. दोन दिवस. तिसऱ्याच शॉटला एका काळ्या सोंगटीच्या जागेत फरक सापडला, दशांश चिन्हानंतर सातव्या घरात. एवढासा. पण सोंगटीला सोंगटी लागते, तिला तिसरी लागते, तो फरक वाढत वाढत राणीपर्यंत पोचतो.

कारण त्याच्या मशीनमध्ये होतं. त्यात गणित करायची एक जास्तीची चिप बसवलेली होती, साहेबांनी हौसेने मागवलेली. माझ्या मशीनमध्ये ती नव्हती. प्रोग्राम तोच, पण त्याची बाजू चिपवर हिशेब करायची आणि माझी बाजू चिपशिवाय, आणि दोघांची शेवटची घरं वेगळी यायची. दोघंही आपापल्या परीने बरोबरच. मी ते त्याला दाखवलं तेव्हा त्याने वाकून दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाला, “यार, वाट लागली.”

त्याचा उपाय सोपा होता. त्याचं मशीन मोठं करायचं. राणी पडली की नाही ते त्याच्या मशीनने ठरवायचं, आणि माझ्या मशीनने ते फक्त दाखवायचं. “कुणीतरी एक मोठा असला की भांडणच नाही,” तो म्हणाला. मला ते पटेना. मी म्हटलं, उद्या वायर निघाली तर? तुझं मशीन बंद पडलं तर? माझं काय, मुकं होऊन बसणार? मी सांगितलं की दशांशच काढून टाकू. बोर्डाचे बारीक तुकडे पाडू, सगळा हिशेब पूर्ण आकड्यांत करू. पूर्ण आकड्यांची बेरीज कुठल्याही मशीनवर सारखीच येते, चिप असो की नसो. तो म्हणाला, “म्हणजे सगळं परत लिहायचं? वेळ कुठाय? पाहुणा तीन आठवड्यांत येतोय.”

मी लिहिलं. तो त्याचा मोठ्या-धाकट्याचा प्रोग्राम करत बसला आणि मी माझा. प्रत्येक कोनाला लागणारे आकडे कुठून आणू? भावाचं शाळेतलं लॉग टेबलचं पुस्तक उचललं आणि त्यातून शेकडो आकडे एकेक करून टाइप केले. हात तयार होता, ऑपरेटर होते ना! वर्गमूळ काढायची रीत गणिताच्या जुन्या मास्तरांना गोरेगावला घरी जाऊन विचारून आले. वहीची वही भरली. आणि जुळलं. शंभर शॉट मारले, दोन्ही पट्ट्या अंथरल्या, शेवटच्या आकड्यापर्यंत एक. मी त्या कागदांवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. तो हसला आणि म्हणाला, “मस्तच गं. पण दाखवायला माझाच ठेवू, तो जास्त चाललेला आहे.” मीपण बरं म्हटलं. कशाला म्हटलं, देव जाणे.

पाहुणा आला. उंच, घामाघूम, चपलांच्या ढिगात बूट काढून मोज्यांवर आत आलेला. तो एका मशीनसमोर बसला, साहेब दुसऱ्यासमोर. खेळ सुरू झाला, राणी पडली, साहेब लहान मुलासारखे खूश. मग पाहुणा खाली वाकला आणि त्याने वायर उपटली. साहेबांचा पडदा जागच्या जागी थिजला. स्ट्रायकर हलेना, काही होईना. वायर परत लावली तरी नाही. पाहुण्याने खांदे उडवले आणि इंग्रजीत म्हणाला की घरोघरी पोरं वायरीत पाय अडकवतात, तेव्हा काय करायचं? साहेबांनी इंजिनियरकडे बघितलं. इंजिनियरने जमिनीकडे बघितलं.

मी म्हटलं, “सर, दोन मिनिटं.” माझ्या पर्समधून माझ्या फ्लॉप्या काढल्या आणि दोन्ही मशीनांत घातल्या. घाईत एक फ्लॉपी उलटी घातली, परत काढली. खेळ सुरू झाला. पाहुणा चार शॉट खेळला आणि पुन्हा वायर काढली. दोन्ही मशीनांनी आपापला बोर्ड तसाच धरून ठेवला. वायर लावली. दोघांनी एकमेकांना शॉट नंबर विचारला, जुळवला आणि खेळ तिथूनच पुढे गेला. त्याने तीनदा वायर काढली. तिसऱ्यांदा तो मोठ्याने हसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, हे तू लिहिलंस?

मला प्रश्न कळला होता. इंग्रजी येत नव्हतं म्हणून गोंधळ झाला असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं, ते खोटं आहे. मला पूर्ण कळला होता. त्याच्या पलीकडे माझा जोडीदार उभा होता, कानापर्यंत लाल झालेला, मघाशी सगळ्यांसमोर तोंडावर आपटलेला. मला त्याची दया आली. मी म्हटलं, “वुई. बोथ.” आणि तोंडभर हसले. वर वाटलं, आता तो बोलेल. म्हणेल, नाही हो, हिनेच केलं. निदान एवढं तरी म्हणेल की वायर निघाली तरी खेळ चालू ठेवायचं डोकं हिचं. तो म्हणाला, “थँक यू, सर.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. काम मिळालं होतं. “त्याच्याशी काल बोललो,” साहेब म्हणाले. “तो म्हणाला लॉजिक त्याचं, टायपिंग तुझं. तू पाहुण्याला म्हणालीस दोघांनी केलं. म्हणजे दोघांचं म्हणणं जुळतंय. प्रामाणिक आहात, मला बरं वाटलं.” वही माझ्या पर्समध्ये होती. लॉग टेबलचे आकडे, मास्तरांचं वर्गमूळ, पानापानावर माझं अक्षर. उघडून टेबलावर आपटायला एक सेकंद लागला असता. साहेब म्हणाले, “त्याला नव्या विभागाचा प्रमुख करतोय. आणि तुला मी विसरलो नाही हं. तुझं कंत्राट रद्द. आजपासून परमनंट. परमनंट ऑपरेटर.” मी पर्स उघडली नाही. वर थँक यू म्हटलं. हे मला आजही सहन होत नाही, त्याचं खोटं नाही, माझं ते थँक यू.

त्याला जिन्यात गाठलं. “लाज नाही वाटली?” मी विचारलं. “अगं, पण मी खोटं काय बोललो?” तो म्हणाला. “टाइप तूच केलंस ना? दोघांनी केलं हेही तूच म्हणालीस.” मी म्हटलं, “आयत्या बिळावर नागोबा झालास रे तू.” तो चिडला नाही. उलट समजावणीच्या सुरात म्हणाला, “हे बघ, तुझ्याकडे डिग्री नाही. तुला कुणी प्रोग्रामर केलंच नसतं. साहेब नुसते बोलले होते. मी माझं नाव सांगितलं नसतं तर काम दुसऱ्याच कुणाला गेलं असतं. आता निदान आपल्यातच राहिलं.” त्यातलं अर्धं खरं असावं, म्हणूनच जास्त झोंबलं.

घरी आले तर बाबा दारातच. “काय झाला गो?” मी म्हटलं, “परमनंट झाले.” खोटं नव्हतंच ते. गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाला परमनंट या शब्दापुढे काही नसतं. ते आत गेले, शर्ट घातला, खाली उतरले आणि पेढे घेऊन आले. चारही मजल्यांवर दारं वाजवून वाटले. “आमचा चेडू कॉम्प्युटरात परमनंट झाला,” असं प्रत्येक दारात सांगत होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकत होते आणि आई विचारत होती, डोळे कशाने लाल झालेत.

सोमवारी तो चौकटींच्या कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आला. पाहुण्याच्या कंपनीच्या मशीनसाठी कॅरम नव्याने लिहायचा होता. पूर्ण आकड्यांचा, बरोबरीच्या मशीनांचा, माझाच कॅरम, त्याच्या अक्षरात. “हे टाइप करून दे ना,” तो म्हणाला. डोळ्याला डोळा दिला नाही. मी टाइप करायला घेतलं. दुसऱ्या पानावर सोंगट्या मोजायची ओळ होती, आणि त्याने लिहिलं होतं एक ते अठरा. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या. राणी मोजलीच नव्हती! कॅरम न खेळलेल्या माणसाशिवाय ही चूक कुणी करणार नाही. मी तसंच टाइप केलं, एक ते अठरा. म्हटलं, परमनंट ऑपरेटर आहे, लिहिलंय ते टाइप करते.

दोन दिवस त्याच्या मशीनवर राणी जागची हलली नाही. सोंगट्या तिच्यातून आरपार जात होत्या. तो पानं उलटायचा, डोकं धरायचा, चहा थंड करायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, “बघ ना जरा.” मी म्हटलं, “मला टाइप करता येतं. बघता येत नाही.” त्या संध्याकाळी बसमध्ये मला फार बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत टिकलं.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. चपला काढल्या, त्याचं मशीन लावलं आणि अठराचे एकोणीस केले. त्याच्यावर दया म्हणून नाही. त्या राणीतून सोंगट्या आरपार जाताना मला बघवत नव्हत्या, बस. अकराच्या सुमाराला तो आला, खेळ सुरू केला, राणीला स्ट्रायकर लागला आणि ती सरळ होलात गेली. त्याने पडद्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून टाइप करत होते. तो उठला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेला. दार उघडंच राहिलं होतं.

“सापडली, सर,” तो म्हणाला. “काल घरी विचार करता करता लक्षात आलं.”